पुढे ढकललेला सण

शाळेचं वेळापत्रक मास्तर करायचे. तसे ते गणिताचे. पण परदेशातल्या त्या शाळेत ते रुजू झाले आणि दुसऱ्याच वर्षी मुख्याध्यापिकेने हे काम त्यांच्या गळ्यात मारलं. ते मग त्यांच्याच गळ्यात राहिलं. कुठला शिक्षक कोणत्या तासाला कोणत्या वर्गावर, प्रयोगशाळा कोणाला कधी, कोणी आजारी पडलं तर बदली कोण, सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. नवं वेळापत्रक दर महिन्याला ते स्वतः शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर लावायचे आणि तक्रारी ऐकायला तिथेच उभे राहायचे.

या कामाचा त्यांनी स्वतःसाठी फायदा घेतला तो एकच. घरच्या मोठ्या सणाला त्या देशात सुट्टी नसे. तिथल्या लोकांना तो दिवस कधी येतो आणि कधी जातो याचा पत्ताही नसे. मग मास्तर तास असे काही फिरवायचे की आपल्याकडच्या तिन्ही शिक्षकांना, स्वतःसकट, त्या दिवशी दुपारनंतर वर्गच नसायचा. कोणाच्या लक्षातही यायचं नाही. तिघे जेवणाच्या सुट्टीत बॅगा उचलून शाळेमागच्या वसाहतीत यायचे, मास्तरांच्या घरी. सगळा सण तिथेच व्हायचा, कारण वसाहतीत सगळ्यांत मोठं स्वयंपाकघर मास्तरांचं होतं आणि तिथे मास्तरांची बायको होती.

यंदा वेळापत्रक लागलं आणि प्रयोगवाले फळ्यासमोर जाऊन उभे राहिले. प्रयोगवाले म्हणजे रसायनशास्त्राचे शिक्षक. हे नाव त्यांना मास्तरांच्या बायकोनेच दिलं होतं. एकदा त्यांनी तिच्या ओट्यावर चहा केला होता आणि तो कोणालाच पिता आला नव्हता, तेव्हापासूनचं.

"मास्तर, काहीतरी गडबड झालीय," ते चष्मा वर करून म्हणाले. "सोमवारी मला शेवटपर्यंत तास आहेत."

"हो."

"नवरदेवालाही आहेत. तुम्हालाही."

"गडबड नाही झालेली."

नवरदेव म्हणजे संगणक शिकवणारा. लग्न होऊन त्याला सहा वर्षं झाली होती, घरात मूल रांगत होतं, पण नोकरीवर हजर झाला तो लग्नातलाच सूट घालून, त्यामुळे तो जन्माचा नवरदेव झाला. तो म्हणाला, "सर, सोमवारी आपला सण आहे."

"माहीत आहे मला. शाळेला सुट्टी नाही. सगळ्यांना तास असतात, तसे आपल्यालाही आहेत."

मास्तर खडू घेऊन वर्गावर गेले.

मास्तरांची बायको गेल्या वर्षी सणानंतर चार-पाच दिवसांनी गेली. सणाच्या दिवशी ती ओट्याशी उभी राहिली नव्हती. स्टुलावर बसून नुसत्या सूचना देत होती, आणि सगळे तिची चेष्टा करत होते की आता बाईसाहेब झाल्या. मग एक दिवस हॉस्पिटलात नेली ती परत आली नाही. मास्तर तिला घेऊन मायदेशी गेले, सगळं यथासांग केलं आणि नोकरीचा करार बाकी होता म्हणून परत आले. निघताना थोरली बहीण म्हणाली होती, "वर्ष होईपर्यंत घरात सणवार करू नकोस बाबा." मास्तरांनी मान हलवली होती. आयुष्यात त्यांनी असल्या गोष्टी कधी मानल्या नव्हत्या. बायकोने सांगितलं म्हणून हात जोडायचे, एवढाच त्यांचा धर्म. पण ही एक गोष्ट मात्र त्यांनी घट्ट धरली.

वेळापत्रक लागलं त्याच दिवशी संध्याकाळी वहिनी आल्या. वहिनी म्हणजे प्रयोगवाल्यांची बायको. हातात डबा होता. त्या मास्तरांच्या बायकोला ताई म्हणायच्या आणि त्या हिशेबाने मास्तरांना भाऊजी. वर्षभरात त्या डबा घेऊन बऱ्याचदा आल्या होत्या, पण दारातूनच देऊन जायच्या. आज चपला काढून सरळ आत आल्या आणि टेबलाशी थांबल्या.

टेबलावर वह्यांच्या गठ्ठ्यांशेजारी विजेची किटली होती. खाली स्टुलावर भाताचा कुकर, बाजूला एक ताट, एक वाटी, मीठ, चहाची पूड.

"हे काय?" वहिनी म्हणाल्या. "स्वयंपाकघर बाहेर राहायला आलं का?"

"एकट्याला किती लागतं."

"आणि आतल्याचं काय केलंत?"

"आत आहे ते आहे."

वहिनी आतल्या दाराकडे वळल्या, तसे मास्तर खुर्चीतून उठले. "वहिनी, आत नको."

आवाज चढला नव्हता, तरी वहिनींचा हात कडीवरून खाली आला.

स्वयंपाकघराचं दार मास्तर रविवारी उघडायचे. फडकं घेऊन एकेक डबा पुसायचे आणि फळीवरच्या कागदावर त्याचा जो गोल डाग होता, त्यावरच परत ठेवायचे. तिचा खांदा दुखायचा, म्हणून रोजचं सगळं खालच्या फळीवर होतं. साखर डाव्या हाताला. मोहरीच्या डब्यावर दुसऱ्याच कसल्यातरी डब्याचं झाकण. मास्तर परत आल्यावर त्यांची मुलगी थोडे दिवस मदतीला येऊन राहिली होती, ती म्हणाली होती, आपण आवरून टाकू. तिलाही त्यांनी हात लावू दिला नव्हता. आता सण म्हणजे चार घरची माणसं, चार हात, ही साखर कुठे, ती पळी कुठे. एका दुपारात सगळं इकडचं तिकडे झालं असतं आणि मग ते परत कसं लावायचं हे सांगायला कोणीच नव्हतं.

"बसा," मास्तर म्हणाले. "चहा ठेवतो."

"नको. हे सांगत होते वेळापत्रकाचं. भाऊजी, सण करायचा नाही का?"

"तुम्ही करा ना. तुमच्या घरी करा. मी कुठे अडवलंय? वर्ष झालेलं नाही अजून, माझ्या घरात होत नाही, एवढंच."

"आमच्या घरात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने जिन्यात थांबावं लागतं."

"मग मैदानात करा."

वहिनी खुर्चीवर बसल्या. पदर सारखा केला. त्यांचा बोलण्याचा बेत घरूनच ठरून आला होता हे मास्तरांना कळलं.

"वर्ष कधी होतंय?"

"शनिवारी."

"सोमवारी सण, शनिवारी वर्ष. बरोबर? मग आपण रविवारी करू."

"रविवारी सण नाही."

"इथे कोणाला ठाऊक आहे? देव काय हजेरी घ्यायला येतोय? नवरदेवाकडचा वाढदिवस नाही का आपण तीन दिवसांनी केला, हॉल मिळाला नाही म्हणून. पोराला काही फरक पडला का?"

"वाढदिवस वेगळा."

"सोमवारी तुम्ही शाळेत जा, तास घ्या, काय हवं ते शिकवा. शनिवारी तिकडे लेक आणि ताईच्या नणंदबाई काय करायचं ते करतील. रविवारी सकाळी मी इथे येते. तुमचंही मोडलं नाही, आमचंही राहिलं नाही."

मास्तरांना या हिशेबात चूक सापडेना. आयुष्यभर पोरांच्या वह्यांतल्या चुका काढलेला माणूस, पण इथे घोडं अडलं. ते म्हणाले, "रविवारी मला पेपर तपासायचेत."

"आता पेपर निघाले."

"खरंच आहेत. हे बघा."

"मी कुठे नाही म्हटलं. पुढच्या रविवारीही असतील. भाऊजी, एक विचारू? वर्ष झाल्यावर काय सांगणार होतात?"

हाच प्रश्न मास्तरांना महिनाभर सतावत होता. वर्ष झालं नाही, हे सांगितलं की पुढे कोणी बोलत नसे. कोणाकडे जेवायला जायचं नसेल, कोणाच्या बारशाला जायचं नसेल, कुठे हसायचं नसेल, तर हे एवढंच म्हटलं की भागायचं. शनिवारनंतर तेही संपणार होतं.

"तुम्ही तर देवाला नीट हातही जोडत नव्हता," वहिनी म्हणाल्या. "ताई हसायची, म्हणायची, आमचे हे देवासमोर उभे राहतात ते बसची वाट बघत उभं राहावं तसे. आणि आता एकदम शास्त्र आठवलं तुम्हाला."

"वहिनी, पुरे."

"पुरे तर पुरे." त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि चपला घालताना भिंतीला हात टेकून थांबल्या. "तुम्हाला वर्ष मिळालं, भाऊजी. लोक जपून बोलतात, जपून वागतात. बरंच आहे ते, मिळायलाच हवं. मला कोणी एक दिवस नाही दिला. मी तिची कोण? शेजारीण. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी ह्यांचा डबा केला मी. हा आणलेला डबा रिकामा झाला की द्या, घाई नाही."

त्या गेल्यावर मास्तरांनी पेपरांचा गठ्ठा पुढे ओढला. एकच उत्तर तीनदा वाचलं आणि मग पेन ठेवून मुलीला फोन लावला.

मुलीने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "बाबा, नको असेल तर सरळ नको म्हणा. तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही. पण वर्षाच्या आड नका लपू. आम्ही इथे पोरांसाठी सगळे सण केले, थोडे थोडे. आत्याला सांगितलं नाही एवढंच."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"जेवणं झाली का तुमची?"

"बाबा."

"झाली का?"

"झाली," मुलगी म्हणाली. पुढे दोघांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

सोमवारी सण होता. मास्तरांनी सगळे तास घेतले. शेवटच्या तासाला नववीच्या वर्गात मुलांना उदाहरणं सोडवायला देऊन ते खिडकीशी उभे राहिले. त्या खिडकीतून वसाहतीचं आवार दिसायचं. बाकावर वहिनी बसल्या होत्या. शेजारी भाजीची पिशवी. फोन नाही, विणकाम नाही, काही नाही. त्यांना तिथे बसलेलं मास्तरांनी वर्षभरात कितीदा तरी पाहिलं होतं आणि दरवेळी वाटलं होतं, ऊन खात बसल्या असतील. आज आभाळ भरलेलं होतं, वाराही होता.

वहिनींना तिथली भाषा दुकानापुरती यायची. भाजी, पैसे, नमस्कार, आभार. प्रयोगवाले सकाळी जायचे ते संध्याकाळी यायचे. नवरदेवाची बायको नोकरी करायची. अकरा वर्षं रोज दुपारी वहिनी मास्तरांच्या स्वयंपाकघरात असायच्या. मास्तर कधी मधल्या सुट्टीत घरी आले तर आतून बोलणं ऐकू यायचं आणि यांची चाहूल लागली की बंद व्हायचं. मग वर्षभर ही बाई दुपारी बोलली कोणाशी?

वहिनी उठल्या, पिशवी घेतली, मास्तरांच्या इमारतीखालून जाताना थांबल्या. वर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. मग गेल्या.

"सर, झालं," मागून एक मुलगी म्हणाली. मास्तरांनी तिची वही घेतली, उत्तर बरोबर होतं, तरी त्यांनी ते दोनदा पाहिलं.

शाळा सुटल्यावर त्यांनी प्रयोगवाल्यांना जिन्यात गाठलं.

"रविवारी या सगळे. दहाला."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? घरी. मोठं पातेलं तिथेच आहे."

प्रयोगवाले माणूस मोठे सावध. त्यांनी फार आनंद दाखवला नाही. "मी चहा करू का?" एवढंच विचारलं.

"तेवढं सोडून काहीही करा," मास्तर म्हणाले.

शनिवारी तिकडे जे व्हायचं ते झालं. मुलीने फोनवर फोटो पाठवला. मास्तरांनी तो पाहून ठेवला. आणि रविवारी सकाळी त्यांनी आंघोळ करून स्वयंपाकघराचं दार उघडलं, पण नेहमीचं फडकं हातात घेतलं नाही. नुसते बघत उभे राहिले. काय कुठे आहे ते पाठ होतं, तरी पुन्हा एकदा सगळ्या फळ्यांवरून नजर फिरवली.

वहिनी दहाच्या आधीच आल्या. नवी साडी, हातात वेलदोड्याची पुडी. मागून नवरदेव दुधाच्या पिशव्या घेऊन आला. त्याची बायको आणि बाळ दुपारी येणार होते. प्रयोगवाले आले ते हॉलमध्ये टेबल सरकवायला लागले. वहिनींनी पदर खोचला, तरातरा स्वयंपाकघरापर्यंत गेल्या आणि उंबऱ्यात थांबल्या.

मास्तरांना वाटलं, आपल्यासाठी थांबल्या. ते म्हणाले, "जा ना आत. मी काही म्हणणार नाही."

वहिनी हलल्या नाहीत. फळ्यांकडे बघत म्हणाल्या, "सगळं तसंच ठेवलंत."

"हो."

"मला वाटलं होतं, आवरलं असेल. लेक येऊन गेली ना." त्यांनी पदराने ओठ पुसले. "घरून निघताना मोठी तोऱ्यात निघाले होते. आता हात लावायचं धाडस होत नाही. तुम्ही काढून द्या."

"मी?"

"मग कोण? तुमच्या घरातलं आहे."

मास्तर आत गेले. ओट्याखालून पातेलं काढलं. ते जड होतं. दोन हातांनी उचलताना कडेच्या झाऱ्याला लागलं आणि मोठा आवाज झाला. बाहेरून नवरदेव म्हणाला, "सर, मदत?" वहिनींनी त्याला बाहेरूनच परत पाठवलं. मग मास्तरांनी साखरेचा डबा उचलला. कागदावर त्याचा गोल तेवढा राहिला. त्यांनी डबा ओट्यावर ठेवला, मग तांदळाचा, मग तुपाची बरणी. चार-पाच डबे निघाल्यावर खालची फळी अर्धी मोकळी झाली आणि आता काय कुठे होतं ते ओट्याकडे बघून सांगता आलं नसतं. वाटलं होतं त्यापेक्षा ते लवकर झालं.

"आता काय?"

"आता दूध तापवा. खीर करायची. ढवळायला उभे राहा, मी तांदूळ बघते."

एकदा आत पाय टाकल्यावर वहिनींचे हात आपोआप चालू लागले. मास्तर गॅसशी उभे राहिले. असं उभं राहायची त्यांना सवय नव्हती. एक हात त्यांनी सवयीने पाठीमागे घेतला होता. वहिनींनी तिरक्या नजरेने ते पाहिलं आणि त्या हसल्या.

"काय झालं?"

"काही नाही."

"वहिनी, बरीच वर्षं विचारायचं होतं. तुम्ही दोघी दार लोटून एवढ्या हसायचात काय?"

"सांगू? राग नाही ना येणार?"

"सांगा."

"तुम्हाला हसायचो."

"मला?"

"मग काय आणखी कोणाला? सणाच्या दिवशी तुम्ही दारात यायचात. दोन्ही हात पाठीमागे. म्हणायचात, काही मदत? आणि कोणी हो म्हणायच्या आत वळायचात. तुमची पाठ फिरली की ताई पळी मागे धरून अशी दारात उभी राहायची, काही मदत? मला हसून हसून ठसका लागायचा."

मास्तरांनी पाठीमागचा हात पुढे घेतला.

"आणि कपाटाचं सांगायची ते तर विचारूच नका."

"कसलं कपाट?"

वहिनींनी तांदूळ चोळायचं थांबवलं. "ते तुम्हाला माहीतच नाही का? अगं बाई. तिने नाही सांगितलं?"

"कसलं कपाट, वहिनी?"

"तुम्ही इथे नोकरीवर हजर झालात त्या दिवशी. पहाटे उठून आंघोळ केलीत, पंचा नेसलात आणि कपाटासमोर उभं राहून पूर्ण तास घेतलात. इथल्या भाषेत. ताई पांघरुणातून बघत होती. मधेच तुम्ही कपाटाला म्हणालात, मागच्या बाकावर कोण बोलतंय, उभा राहा."

मास्तरांचा चेहरा लाल झाला. ते खरं होतं. जगात ती गोष्ट फक्त आपल्यालाच ठाऊक आहे असं त्यांना वाटत होतं.

"ती झोपली होती."

"कसली झोपतेय. तोंडात उशी धरली होती म्हणे."

"मला कधी बोलली नाही."

"बोलली असती तर तुम्ही पुन्हा केलं नसतं. दरवर्षी करायचात ना, शाळा उघडायची त्या दिवशी? ती वाट बघायची त्याची. मला आदल्या दिवशी सांगायची, उद्या कपाटाचा वर्ग आहे."

मास्तर हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, त्यामुळे नीट जमलं नाही, खोकल्यासारखा आवाज आला. वहिनीही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, खांदे हलायला लागले. मास्तरांना कळत होतं की हे वर्षभराचं आहे आणि ते इथेच व्हायला हवं होतं. त्यांचेही डोळे भरून आले होते. एवढं सगळं चाललं असताना दूध खाली लागलं.

"काहीतरी जळतंय," हॉलमधून प्रयोगवाल्यांचा आवाज आला.

"तुमचीच शिकवण," मास्तरांनी आतून सांगितलं.

वहिनींनी डोळे पुसले, पातेल्यात डोकावल्या. "फार नाही लागलं. खालून खरवडू नका, वरवर ढवळा. कळणारही नाही कोणाला. ताईच्या हातूनही लागायचं बरं का, तुम्हाला वाटायचं वेलदोड्याचा वास आहे."

"तेही मला माहीत नाही."

"तुम्हाला काय काय माहीत नाही ते सांगायला बसले तर," वहिनी म्हणाल्या आणि तांदळाचं पाणी ओतायला बेसिनकडे वळल्या.

"तर?"

"अकरा वर्षांचं आहे, भाऊजी. एका पातेल्यात नाही मावायचं."

बाहेर नवरदेव ताटं मोजत होता आणि प्रयोगवाले त्याला चुकीचं मोजतोस म्हणून सांगत होते. मास्तरांनी मागे हात करून स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, ओट्याजवळचं तिचं बसायचं स्टूल पायाने वहिनींकडे सरकवलं आणि गॅस अगदी बारीक केला.

"बसा," ते म्हणाले. "मी ढवळतोय."